ट्रंक ठेवायला जागा

आमच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे. पत्र्याची, हिरवा रंग उडालेला, झाकणावर पांढऱ्या पेंटने त्यांचं नाव, गावाचं नाव, तालुका मालवण आणि खाली बारीक अक्षरात 'मु. लालबाग, मुंबई'. दर दिवाळीला साफसफाईत ती खाली निघते, आता टाकूया का ही असं कुणीतरी म्हणतं, आणि पुसून पुन्हा वर जाते. आत काहीच नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा आहे.

आजोबा पन्नासच्या दशकात बोटीनं मुंबईला आले. गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत. राहायला गावमंडळाची खोली. गिरणगावात अशा खोल्या गावागावाच्या होत्या, आमच्या गावाची लालबागला होती, दहा बाय बाराची, आणि तिच्यात बत्तीस माणसं. बत्तीस माणसं एका वेळी तिथे मावणं शक्यच नव्हतं, पण पाळ्या तीन, त्यामुळे एक जण उठून गेला की दुसरा त्याच वळकटीवर. उरलेले फुटपाथवर. आजोबा सात वर्षं फुटपाथवर झोपले, पावसाचे महिने सोडून, आणि पावसात कुठल्यातरी जिन्याखाली. हे ते आम्हाला फार अभिमानानं सांगायचे, आणि आम्हीही ते कौतुकानं ऐकायचो, शाळेत 'माझे आजोबा' निबंधात मी ते लिहिलं पण होतं. बाईंनी शेरा दिला होता, कष्टातून वर आलेले आजोबा. छान.

सात वर्षं फुटपाथवर झोपलेल्या माणसाला कुणी बेघर म्हटलं नाही. मलाही कधी सुचलं नाही तसं म्हणायचं. हे आत्ता आत्ता डोक्यात आलं, आणि आलं ते एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि आजोबांच्या पागडीच्या खोलीच्या जागी आम्हाला तीनशे चौरस फूट मिळाले. टॉवर म्हटला की सोसायटी आणि सोसायटी म्हटली की ग्रुप. चारेक वर्षांपूर्वी कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. आमच्या गेटपासून पाच मिनिटांवर जो पूल आहे त्याखाली राहणारी कुटुंबं, वाळत घातलेले कपडे, तीन विटांची चूल, एक नागडं पोर. खाली मेसेज, की यांना काम करायला नको, गावी सगळ्यांची पक्की घरं आहेत, भीक मागून आपल्यापेक्षा जास्त कमावतात, रात्री दारू पिऊन पडलेले असतात, सगळे बाहेरचे आहेत, उचला यांना. चौदा अंगठे आले होते. त्यातला एक माझा.

तर हे असं आहे. मी कुणी समाजसेविका वगैरे नाही, ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि मला या विषयातलं जे कळलं ते एका गजरेवाल्या मावशीकडून कळलं, तेही हळूहळू, कारण ती बोलायला तयार नव्हती आणि मी ऐकायला.

मावशी त्याच पुलाखाली राहते. राहते म्हणजे तिची नात आता तिथली तिसरी पिढी. मी तिच्याकडून शुक्रवारी गजरा घ्यायचे, दहा-वीस रुपयांचा व्यवहार, पाच मिनिटं गप्पा. एकदा मला पहाटेची गाडी पकडायची होती म्हणून दादरला लवकर गेले तर फुलबाजारात मावशी दिसली. चार वाजले असतील. नुसती चेंगराचेंगरी, पायाखाली सडलेल्या झेंडूचा चिखल, डोक्यावर करंडे घेऊन हमाल ओरडत धावतायत, आणि ही बाई कागड्याच्या ढिगात हात कोपरापर्यंत घालून खालच्या कळ्या वर काढून बघत होती. वरवरच्या ताज्या असतात, खाली कालच्या मिसळतात, तिनं नंतर सांगितलं. अर्धा किलो घेतला, भाव करताना अक्षरशः भांडली, ओल्या फडक्यात बांधला आणि चालत निघाली. बस नाही, चालत. पाच रुपये वाचले तर ते पाच रुपये आहेत. मग सहा वाजल्यापासून कळ्या ओवायच्या, फुलं उमलायच्या आत, कारण उमललेली ओवता येत नाहीत. दुपारपर्यंत विकल्या गेल्या तर बरा भाव, संध्याकाळी निम्मा, रात्री नऊनंतर जे उरेल ते सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक करून कितीला मागाल तितक्याला. त्याच टकटकीला आपण आत बसून नको नको म्हणून हात हलवतो आणि मनात म्हणतो, भिकारी.

झोपायला रात्री अकरा. पहाटे तीनला परत उठायचं. आळशी!

तिचा मुलगा नाक्यावर उभा राहतो, बिगारी म्हणून. सून दोन इमारतींचे जिने पुसते, त्यातली एक इमारत आमच्याच समोरची आहे. म्हणजे घरातली तीन मोठी माणसं रोज कामाला जातात, आणि एक जावई, तो पितो. हो, पितो, ते खोटं कशाला सांगू. पुलाखालची दोन पोरं व्हाइटनर हुंगतात हेही मी पाहिलंय. पण आमच्या टॉवरमधून भंगारवाला दर सोमवारी बाटल्यांची जी पोती नेतो ती बघून कुणी म्हणत नाही की हे लोक पितात म्हणून यांची घरं काढून घ्या. मावशीला मी एकदा जावयाबद्दल बोलले, तर म्हणाली, ताई, तुमी एक रात बिनदारूचं झोपून दाखवा हितं. डोक्यापासनं हातभर लांब ट्रकचं चाक जातं.

चाकावरून आठवलं. पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्याला, डिसेंबर २०२४ मध्ये मध्यरात्री एक डंपर फुटपाथवर चढला. समोर पोलीस स्टेशन. झोपलेल्यांपैकी तिघं गेली, त्यात दोन अगदी लहान लेकरं. ही माणसं अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आलेली. आता 'गावी यांची घरं असतात' हे वाक्य इथे लावून बघा. असेल की घर. घर अमरावतीला आणि काम वाघोलीला, मधे सहाशे किलोमीटर. ज्या इमारती ती बांधायला आली होती त्यांच्यात राहायची सोय नव्हती एवढाच मुद्दा. घर असणं आणि जिथे पोट आहे तिथे घर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे कोकणातल्या माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये, आमच्या आजोबांचंही मालवणला कौलारू घर होतंच की, पुढे अंगण, मागे माड.

बरं, 'बाहेरचे' हा शब्द. मावशीचं कुटुंब आपापसात जे बोलतं ते गुजरातीसारखं वाटतं, त्यामुळे माझी पक्की समजूत होती की हे राजस्थान-गुजरातकडचे कुणीतरी. विचारलं तर म्हणायची सोलापूरकडचे. मला वाटायचं खोटं सांगते. दोन वर्षांनी, एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, आवाज खाली आणून म्हणाली, आमी पारधी. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पर्सवर माझा हात जातो का ते बघत होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पारधी त्या यादीत आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणजे कागदावरून गेला. लोकांच्या डोक्यातून कुठे गेलाय. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, मग पाल जाळलं तरी कुणी विचारत नाही, मग शेवटी माणूस अशा ठिकाणी जातो जिथे त्याला कुणी ओळखत नाही. मुंबईतल्या पुलांखाली, रेल्वेच्या भिंतींना लागून राहणाऱ्यांत पारधी कुटुंबं बरीच आहेत, आणि ती सोलापूर, उस्मानाबाद, बीडकडची अशी अस्सल महाराष्ट्रातली. त्यांची भाषा गुजरातीच्या जवळची आहे हे खरं, पण ती इथे आपल्यापेक्षा काही कमी पिढ्या राहिलेली नाहीत. आणि 'बाहेरचे' म्हणणारा तो सोसायटीतला माणूस, जाऊ दे, तो कुठला हे लिहीत नाही, उगाच वाद.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ती म्हणजे निवारा. कारण मी पण तेच केलं जे सगळे करतात. नेटवर वाचलं की सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, वर्षभर, चोवीस तास उघडा. पुढे सरकारी योजनाही आली, शंभर माणसांचा एक निवारा, माणशी पन्नास चौरस फूट. वाचून मला भारी वाटलं. पन्नास चौरस फूट! आजोबांच्या खोलीत माणशी चार पण येत नव्हते. मी उत्साहात मावशीकडे गेले, म्हटलं अहो तुमच्यासाठी सोय आहे, जात का नाही? ती गजरा ओवत होती, मान वर न करता म्हणाली, तिथं फुलं हायेत का?

नाहीत. निवारा असतो तो जिथे पालिकेला जागा सापडली तिथे. फुलबाजार दादरला, नाका एका ठिकाणी, जिने पुसायच्या इमारती तिसऱ्या ठिकाणी, आणि निवारा या सगळ्यापासून लांब. पहाटे तीनला तिथून निघायचं कसं? दार उघडणार कोण? बरेच निवारे बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, मुलांचे वेगळे, मग कुटुंबानं काय तीन ठिकाणी विभागून झोपायचं? वयात आलेली नात कुणाजवळ राहणार? स्टोव्ह नेता येत नाही, करंडा नेता येत नाही, बोचकं ठेवायला कपाट नाही. आणि हे सगळं निवारा मिळाला तर. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वाशे लाखांच्या आसपास होती, म्हणजे हिशोबानं सव्वाशे निवारे लागतात, माझं अकाउंट्सचं डोकं लगेच तिकडे जातं. प्रत्यक्षात शहरात त्याच्या जवळपासही नाहीत. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर भरले साधारण ५७ हजार, देशात पावणेअठरा लाख. ही मोजणी एका रात्रीत होते, २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र होती ती. मावशीला आठवत नाही कुणी आलं होतं का. बाजारात असेल पहाटे, किंवा गाडीच्या भीतीनं कुठे आडोशाला.

गाडीची गोष्ट सांगायलाच हवी. गाडी म्हणजे पालिकेची, सामान उचलणारी गाडी. तिचा काही दिवस ठरलेला नसतो. मागच्याच्या मागच्या वर्षी जूनमधे, पहिला जोरदार पाऊस पडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथून जात होते तर मावशी नुसती बसली होती. समोर काही नाही. चूल नाही, करंडा नाही, ताडपत्री नाही, कठड्याला कायम लटकलेलं ते निळं बोचकं नाही. ती बाजारातून यायच्या आत गाडी येऊन गेली होती. त्या बोचक्यात आधार कार्डं, नातीचा शाळेचा ड्रेस, दवाखान्याची फाइल, मुलाचा नाक्यावरचा थापी-ओळंबा आणि बारा हजार रुपये, ज्यातून ती भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट जमवत होती. बारा हजार. तीन वर्षं लागली होती जमवायला. मी विचारलं बँकेत का नाही ठेवले? हा प्रश्न मी विचारला, मी, अकाउंट्सवाली. ती माझ्याकडे अशी बघत होती की याला काय उत्तर द्यायचं.

कारण बँकेत केवायसी लागतं. केवायसीला आधार असलं तरी इथला पत्ता मागतात. पत्त्याला लाइटबिल किंवा भाडेकरार मागतात. भाडेकराराला डिपॉझिट लागतं. डिपॉझिट साठवायला बँक लागते. हे मी एक्सेल शीटवर मांडलं असतं तर सर्क्युलर रेफरन्स म्हणून एरर आला असता, पण माणसांच्या बाबतीत एरर येत नाही, ते तसंच चालू राहतं पिढ्यान्‌पिढ्या. पत्ता नसलेल्यांना नगरसेवकाचं पत्र चालतं असं एकानं सांगितलं. आता गंमत बघा, मार्च २०२२ नंतर मुंबईत कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. पारधी असल्याचा दाखला काढला तर शाळा, वसतिगृह, घरकुल असं बरंच काही मिळू शकतं, पण अनुसूचित जमातीच्या दाखल्याला कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्या जमातीला राहूच दिलं नाही कुठे, तिच्याकडे १९५० च्या राहण्याचा कागद मागायचा. झोपडीवाल्यांना निदान अमुक तारखेच्या आधीची झोपडी असा काहीतरी मुद्दा असतो, फोटोपास असतो, चार भिंती मोजायला असतात. ताडपत्री कोण मोजणार, ती दर महिन्याला नवी.

एकच यंत्रणा मला सापडली जिनं हा प्रश्न डोकं वापरून सोडवलाय, निवडणूक आयोग. बेघर माणसानं मतदार म्हणून अर्ज केला तर पत्त्याचा कागद लागत नाही, त्यांचा माणूस रात्री येऊन बघतो की अर्जात लिहिलेल्या जागी हा खरंच झोपतो का, आणि एकाहून जास्त रात्री बघतो. झोपतोय, म्हणजे राहतोय. इतकं साधं आहे. मताला चालतं ते गॅसला, रेशनला, बँकेला का चालू नये हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि हे काही आजचं नाही. जुलै १९८१, मुख्यमंत्री अंतुले, भर पावसात मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना बसमधे घालून आपापल्या गावी पाठवायचा हुकूम निघाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ऑल्गा टेलिस या पत्रकार त्यात होत्या म्हणून खटला त्यांच्याच नावाने ओळखतात. १९८५ मध्ये निकाल आला, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पुण्याचे. कोर्टानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि ही माणसं फुटपाथवर राहतात कारण त्यांचं काम तिथे जवळ आहे, लांब राहायला गेली तर गाडीभाडं आणि वेळ दोन्ही परवडत नाही. म्हणजे 'तिथं फुलं हायेत का' हा मावशीचा मुद्दा देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती तरुण असतानाच लिहून ठेवलाय. पण त्याच निकालात असंही आहे की फुटपाथ चालायला आहे, नोटीस देऊन हटवता येईल, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, पाऊस जाऊ दे. शाळेत नागरिकशास्त्रात पहिला अर्धा भाग शिकवतात. पुलाखाली दुसरा अर्धा राबवतात.

त्याच सुमारास स्पार्क या संस्थेनं भायखळ्याच्या बाजूला घरटी जाऊन फुटपाथवरच्या लोकांची मोजणी केली, सहाएक हजार कुटुंबं, तोपर्यंत ती कुठल्याच यादीत नव्हती. त्यातून महिला मिलन उभं राहिलं, बायकांनी रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकून बचत केली, आणि त्यातल्या काहींना पुढे मानखुर्दला घरं मिळाली. मला यात कौतुक कशाचं वाटतं तर त्या पैशांना ठेवायला जागा सापडली याचं. पैसे साठवता येत नाहीत हा समज किती खोटा आहे, साठवलेले टिकवता येत नाहीत. मावशीनं साठवले होतेच की.

भिकेबद्दल. ते 'भिकाऱ्याच्या झोळीत लाखो सापडले' छापाचे फॉरवर्ड सगळ्यांना येतात, आणि एखादी अशी बातमी खरी असेलही, मुंबईत काहीही होतं. पण आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे तो वाचून मी चक्रावले. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की गाणं म्हणणं, भविष्य सांगणं, काही विकायचं निमित्त करणं, आणि पोटापाण्याचं साधन दिसत नसताना नुसतं फिरणं, सगळं त्यात बसतं. वॉरंटशिवाय पकडता येतं, आणि एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. सिग्नलला रात्री नऊ वाजता गजरा घेऊन टकटक करणारी मावशी यात आरामात बसेल. दिल्लीत हायकोर्टानं २०१८ ला यातली बरीच कलमं उडवली, महाराष्ट्रात कायदा आहे तसा आहे, आणि मूळचा तो आपलाच. २०२१ च्या जुलैमधे सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा धनंजय चंद्रचूडांच्या खंडपीठानं ती मान्य केली नाही, असा उच्चभ्रू दृष्टिकोन आम्ही घेणार नाही म्हणाले. वडिलांचा निकाल १९८५, मुलाचा २०२१. बापलेकांच्या मधे छत्तीस वर्षं गेली, आणि पुलाखाली मावशीची मुलगी जन्मली, तिचं लग्न झालं, आणि नात शाळेत गेली.

सगळे बेघर मावशीसारखे नाहीत हेही आहेच. परळच्या बसस्टॉपवर एक माणूस असतो, केसांच्या जटा, अंगावर तीन शर्ट, हवेत हिशोब लिहीत असतो. 'घरच्यांनी टाकून दिलेला' असंच आपण धरून चालतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशाच माणसांना उचलून नेते, औषधं देते, आणि पुष्कळदा काही आठवड्यांत माणूस स्वतःचं गाव सांगायला लागतो, मग ते त्याला घरी सोडून येतात, बिहार, ओडिशा, कुठेही. त्यांना २०१८ ला मॅगसेसे मिळालं. त्यांच्या कामातून दिसतं ते असं की दार उघडणारी आई कित्येकदा वर्षानुवर्षं वाट बघत असते, फोटो घेऊन हिंडलेली असते. टाकलेला नसतो, हरवलेला असतो.

आणि टाटा हॉस्पिटलच्या बाहेरचे लोक, त्यांना कुठल्या खान्यात टाकायचं? मी ऑफिसला जाताना रोज दिसतात. एक बुलढाण्याचे काका होते, बायकोची केमो चालू, सात एकर शेत, गावात पंचायतीला निवडून आलेले, आणि पाच आठवडे फुटपाथवर. मी त्यांना बिस्किटाचा पुडा द्यायला गेले तर म्हणाले, ताई, पैसे आहेत, फक्त आंघोळीला जागा कुठे ते सांगा. पुढे त्यांना दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लागला. गाडगेबाबांची दशसूत्री आमच्या शाळेत जिन्यावर रंगवलेली होती, भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, मग थोडं खाली, बेघरांना आसरा. शनिवारी पाढ्यांसारखी म्हणायचो. बाबांनी घर बांधून देतो असं म्हटलेलं नाही, आसरा म्हटलंय, आणि तो जिथे माणसं येतात तिथेच बांधला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. वारकऱ्याला कुणी विचारलं नाही की तुझं गावाकडे घर असताना इथे का झोपतोस.

आजोबांकडे परत येते. त्यांच्यात आणि मावशीच्या मुलात फरक काय होता हे मी बरेच दिवस शोधत होते. कष्ट सारखेच, रोज गेटवर उभं राहायचं आणि रोज नाक्यावर उभं राहायचं हेही सारखंच. झोपायची जागा तर हुबेहूब. फरक ट्रंकेचा. झोपायला नसली तरी आजोबांना ट्रंक ठेवायला जागा होती. बत्तीस ट्रंका एकावर एक, प्रत्येकीला कुलूप, खोलीत कायम कुणीतरी असायचं. ट्रंकेत धुतलेला सदरा, गिरणीचा पास, मनीऑर्डरच्या पावत्या. गावाहून पत्र आलं तर त्या खोलीच्या पत्त्यावर. खानावळवाली महिनाभर उधार जेवायला घालायची ती पण त्या खोलीच्या नावावर, अमक्या गावाच्या खोलीतला म्हटलं की झालं. कुणीतरी आपला पत्ता त्यांना वापरू दिला होता. तेवढ्यावर पागडी, पागडीवर चाळ, चाळीवर टॉवर आणि आज बाजारभावानं कोटीच्या पुढे जाणारे तीनशे चौरस फूट. मी त्या ग्रुपवर अंगठा दिला तो या पत्त्यावर बसून.

यंदा मेच्या शेवटी मावशीनं एक प्लॅस्टिकची पिशवी दिली, आत दुसरी पिशवी, तिच्या आत नवीन काढलेली कार्डं, नातीचा जन्मदाखला, दवाखान्याचे कागद. म्हणाली पावसाभर ठेवा. घरी आणून कुठे ठेवावी कळेना, तीनशे फुटांत चार माणसं, मग स्टूल घेतलं आणि वर ट्रंकेत ठेवली. नवरा म्हणाला काय गं हे. म्हटलं सांगते नंतर.

पिशवी देताना तिनं अजून एक विचारलं होतं. बँकेच्या फॉर्मवर तुमचा पत्ता घातला तर चालंल का. मी म्हटलं घरी विचारून सांगते. खरं म्हणजे घरी कुणी नाही म्हटलं नसतं. मला भलतंच काहीतरी सुचत होतं, उद्या कर्जवसुलीवाले आले तर, पोलीस आले तर, सोसायटीला कळलं तर, ना हरकत प्रमाणपत्र वगैरे, अशी सगळी कारणं मी लोकलमधे उभी राहून जुळवली. जून गेला, जुलै गेला, गणपती झाले. दर शुक्रवारी गजरा घेतला आणि दर शुक्रवारी तो विषय येईल म्हणून जरा घाईत निघाले.

गेल्या आठवड्यात तिनं पिशवी मागितली. शाळेत कागद दाखवायचे होते. मी म्हटलं दाखवून झाले की परत द्या, राहू दे माझ्याकडे, ट्रंक रिकामीच आहे. बरं म्हणाली. पिशवीतले कागद एकेक करून मोजले, परत घातले, गाठ मारली. पत्त्याचं काही विचारलं नाही.